थंड प्रदेशातलं कॉलेज सोडताना : मुलांसाठी आणि पालकांसाठी थोडं
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी आपल्या मंडळात दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार होतो. टाळ्या पडतात, फोटो निघतात. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत ही मुलं कुठे कुठे पांगतात. पण पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांच्यातल्या एखाद्याच्या घरून फोन येतो, "जरा बोलायचं होतं. मुलगा म्हणतोय, इथली थंडी सहन होत नाही, कॉलेज बदलून द्या." गेल्या काही वर्षांत असे फोन मला बऱ्याच जणांचे आले. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. डिप्लोमा करून रुळांवर काम करणारा माणूस आहे. पण या प्रश्नाची माहिती एका जागी मिळत नाही आणि चुकीच्या सल्ल्याने वर्ष फुकट जातं, म्हणून कार्यकारिणीने हा विषय सुचवला तेव्हा मी हो म्हटलं.

आधी थोडा इतिहास. आज आपण मुलांना बाहेर पाठवतो, पण एके काळी लोक शिकायला जबलपूरला येत. आपलं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ साली सुरू झालं. तेव्हा जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते. राज्य पुनर्रचना व्हायची होती १९५६ मध्ये आणि नागपूरचं विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज निघायचं होतं १९६० मध्ये. त्यामुळे नागपूर-अमरावतीकडच्या मुलाला आपल्याच प्रांतातलं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज हवं असेल तर त्याला जबलपूर गाठावं लागे. आज इथे बसलेल्या काही कुटुंबांची मुळं अशाच एखाद्या वसतिगृहाच्या खोलीत सापडतील. विदर्भातल्या त्या मुलांना जानेवारीतलं जबलपूर थंड वाटलं असणार. आजही डुमना रस्त्यावरच्या ट्रिपल आयटीत केरळ आणि तमिळनाडूची मुलं येतात आणि आपण ज्याला गुलाबी थंडी म्हणतो त्यात ती कानटोपी घालून वर्गात जातात. थंडी ही अशी सापेक्ष गोष्ट आहे. पण ती नुसती लाडांची गोष्टही नाही, हे आज मला सांगायचं आहे.

मराठी माणसाला हे कळायला दूर जायला नको. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाला वैद्यकीय शिक्षणासाठी गेल्या, १८८६ मध्ये पदवी घेतली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, पुण्यात वारल्या. क्षयाने त्यांना नेलं. तिथली थंडी आणि न मानवणारा आहार यांनी तब्येत आणखी खालावली. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं, आज आहे. तरीसुद्धा मुलाने "मला इथे बरं वाटत नाही" म्हटलं की "पुण्या-मुंबईची मुलं राहतात ना तिथे?" असं उत्तर देऊ नये, एवढा धडा आपण त्यातून घ्यायलाच हवा.

आता मुद्द्याकडे येतो. मुलगा "थंडी सहन होत नाही" म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात चार वेगवेगळी दुखणी असू शकतात. ती आधी वेगळी करायला हवीत.

पहिलं दुखणं सोयीचं. गरम पाणी नाही, खोलीची खिडकी बसत नाही, रजई पातळ आहे, मेसमध्ये जेवण गार मिळतं. हे पैशाने आणि थोड्या पाठपुराव्याने सुटतं. त्यासाठी कॉलेज बदलायची गरज नाही.

दुसरं दुखणं उजेडाचं. याकडे आपलं लक्षच जात नाही. जबलपूर साधारण २३ अंश अक्षांशावर आहे; डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीही आपल्याला साडेदहा तासांहून थोडा जास्त दिवस मिळतो. अमेरिकेतलं मिनियापोलिस ४५ अंशांवर आहे, तिथे त्याच दिवशी पावणेनऊ तासांच्या आसपास. मुलगा अंधारात वर्गात जातो आणि अंधारात परत येतो. अशा दिवसांत काही माणसांना फार झोप येते, गोड खावंसं वाटतं, कशातच मन लागत नाही, आणि उन्हाळा आला की आपोआप बरं वाटतं. नॉर्मन रोझेन्थाल नावाच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह या आजाराचं शास्त्रीय वर्णन केलं. ते स्वतः दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गहून अमेरिकेत गेलेले. तिथल्या पहिल्या हिवाळ्यांत स्वतःलाच मरगळ येते हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. यावर उपाय आहेत. सकाळी साधारण अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसणं, दुपारी बाहेर चालणं, गरज पडल्यास डॉक्टरांचं औषध. म्हणजे मुलगा आळशी झाला असं समजून त्याला रागावू नये आणि लगेच परतीचं तिकीटही काढू नये. आधी डॉक्टरांना दाखवावं.

तिसरं दुखणं शरीराचं, आणि ते आपल्या भागात फार महत्त्वाचं आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि विदर्भ या पट्ट्यात सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे. केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू केली ती आपल्या शेजारच्या शहडोलमधूनच. या आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी, पाणी कमी पिणं, हवेत ऑक्सिजन कमी असणारी उंची, ही सगळी कारणं वेदनेचे झटके आणू शकतात. ज्याच्यात फक्त एकच जनुक आहे, ज्याला वाहक म्हणतात, तो सहसा निरोगी असतो. पण दोन्ही जनुकं असणाऱ्या मुलाला सात हजार फुटांवरच्या वसतिगृहात पाठवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. सिक्कीमची एनआयटी रावंगळात आहे, ती साधारण तेवढ्याच उंचीवर. कॉलेज चांगलं की वाईट हा इथे प्रश्नच नाही. प्रश्न त्या मुलाच्या रक्ताचा आहे. दमा, संधिवात, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं, यांचंही तसंच.

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाची गोष्ट सांगतो. मुलाला डोंगरातल्या एका कॉलेजात मेकॅनिकल मिळालं. घरात पेढे वाटले. नोव्हेंबरपासून त्याचे हात-पाय दुखायला लागले. वडील फोनवर म्हणत, "अरे, स्वेटर घाल, व्यायाम कर." मुलगा गप्प बसला. जानेवारीत छातीत दुखून तो दवाखान्यात पडला, तेव्हा तपासणीत सिकल सेल निघाला. घरात कुणाला कल्पनाच नव्हती. धाकट्या बहिणीची तपासणी त्यानंतर झाली. मुलाने त्या वर्षाची परीक्षा दिली नाही. दुसऱ्या कॉलेजात बदली मिळेल अशी घरच्यांची समजूत होती, पण तशी वाट नव्हती. त्याने पुन्हा प्रवेश परीक्षा दिली, उष्ण हवेच्या गावात नव्याने पहिल्या वर्षाला बसला, आता तिसऱ्या वर्षाला आहे. आई म्हणते, "वर्ष गेलं, मुलगा राहिला." या वाक्यावर मला काही बोलता आलं नाही. एका साध्या रक्ततपासणीने ते वर्षही वाचलं असतं, म्हणून हे मी इतकं लांबवून सांगतो आहे. बारावीच्या निकालाआधी ही तपासणी करून घ्या. आपल्याकडे ती सरकारी दवाखान्यांत होते.

चौथं दुखणं मनाचं, आणि त्याला बिचाऱ्या थंडीचं नाव दिलं जातं. गणित डोक्यावरून जातं, खोलीतल्या मित्राशी पटत नाही, शाखा आवडत नाही, भाषा कळत नाही, घरची आठवण येते. मुलाला हे सांगायची लाज वाटते. थंडीची तक्रार करायला लाज वाटत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. मार्चमध्ये ऊन पडल्यावर फोनवरचा आवाज बदलला, तर दुखणं हवेचं. एप्रिलमध्येही तोच सूर असेल, तर कॉलेज बदलून ते दुखणं मुलाच्या बॅगेतून नव्या गावी जाईल.

आता नियमांकडे वळू. हा भाग कोरडा आहे, पण घरचे पैसे इथेच वाचतात.

एका आयआयटीतून दुसऱ्या आयआयटीत, किंवा एका एनआयटीतून दुसऱ्या एनआयटीत, विद्यार्थ्याच्या इच्छेने बदली अशी नेहमीची वाट नाही. आपल्या रेल्वेत म्युच्युअल ट्रान्सफर असते, तसं तिथे समजू नये. उत्तराखंडच्या एनआयटीचं उदाहरण लोक देतात. तिथल्या विद्यार्थ्यांनी २०१८ मध्ये कायमच्या कॅम्पससाठी आणि सुरक्षिततेसाठी आंदोलन केलं आणि बऱ्याच जणांची सोय काही काळ जयपूरच्या एनआयटीत झाली. पण तो संस्थेसाठी सरकारी पातळीवर झालेला निर्णय होता, कारणही हवामान नव्हतं, आणि पदवी मूळ संस्थेचीच. एकट्या मुलाला त्या उदाहरणाचा उपयोग नाही.

म्हणून खरी निवड प्रवेशाच्या वेळीच करावी. २०१५ पासून आयआयटी, एनआयटी आणि ट्रिपल आयटींचे प्रवेश एकत्र होतात. त्यात जागा मिळाल्यावर फ्रीझ, फ्लोट आणि स्लाइड असे तीन पर्याय असतात. फ्रीझ म्हणजे आहे ती जागा पक्की. स्लाइड म्हणजे त्याच संस्थेत वरच्या पसंतीची शाखा मिळाली तर घेणार. फ्लोट म्हणजे वरच्या पसंतीची दुसरी संस्थासुद्धा चालेल. घाईघाईत फ्रीझ करून नंतर "तिकडे बर्फ पडतं का हो?" असं विचारणारे पालक मी पाहिले आहेत. पसंतीची यादी भरतानाच नकाशा समोर ठेवा. मुलाला जिथे राहायचंच नाही ते नाव यादीत घालूच नका.

सोडायचंच ठरलं तर पुन्हा परीक्षा देता येते. जेईई मेन बारावीच्या वर्षासह सलग तीन वर्षं देता येते. अॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच, आणि ज्याने आधी आयआयटीची जागा स्वीकारली आहे त्याला ती पुन्हा देता येत नाही. ठरलेल्या तारखेआधी प्रवेश रद्द केला तर संस्थेने हजार रुपयांपेक्षा जास्त कापू नये आणि मूळ कागदपत्रं अडवू नयेत, असा एआयसीटीईचा दंडक आहे. तारीख चुकवली की दंडकाचा उपयोग राहत नाही, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

राज्य विद्यापीठांच्या संलग्न कॉलेजांत वाट जरा रुंद असते. साधारणपणे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, रिकामी जागा असेल, पहिलं वर्ष नीट पास असेल, दोन्ही कॉलेजांची ना-हरकत असेल आणि वरिष्ठ कार्यालयाची परवानगी मिळाली, तर कॉलेज बदलता येतं. विद्यापीठ तेच असेल तर विषय जुळतात; विद्यापीठ बदललं की विषयांची तुलना करून राहिलेले पेपर द्यावे लागतात. २०२१ पासून अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली आहे, त्यात विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा राहतात. पण बँकेत क्रेडिट असले म्हणजे दुसऱ्या कॉलेजात जागा मिळाली असं होत नाही. जागा वेगळी, क्रेडिट वेगळे.

डिप्लोमावाल्यांसाठी आणखी एक दार आहे, त्याचा मला अर्थातच अभिमान आहे. दहावीनंतर इथल्या कलानिकेतनमध्ये तीन वर्षांचा डिप्लोमा करून मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेऊ शकतो. तोपर्यंत तो अठरा-एकोणीस वर्षांचा होतो, घरचं जेवण जेवलेला असतो, हातात कामाची समज आलेली असते. मग तो कुठेही गेला तरी टिकतो. ही वाट कमी प्रतीची आहे असं कृपा करून मुलांच्या समोर बोलू नका.

आता खास आपल्या लोकांचा एक गैरसमज. "आपण मराठी, नागपूर उबदार आहे, मुलाला व्हीएनआयटीत महाराष्ट्राच्या कोट्यातून मिळेल." मिळणार नाही. एनआयटीतल्या निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांसाठी असतात, पण राज्य ठरतं ते मुलगा बारावी कुठून पास झाला यावरून. आडनाव जोशी असो की देशमुख, बारावी जबलपूरची असेल तर तो मध्य प्रदेशचा. त्याच्यासाठी घरची एनआयटी म्हणजे भोपाळची. महाराष्ट्राच्या राज्य सीईटीतही दहावी-बारावी आणि रहिवासी दाखला यांचे नियम आहेत. बदलीवर महाराष्ट्रात गेलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी तिथे वेगळी तरतूद आहे. भुसावळ, नागपूर किंवा पुण्याला बदलीचा अर्ज टाकलेल्या आपल्या सहकाऱ्यांनी त्या वर्षीची माहिती पुस्तिका नीट वाचावी.

परदेशी गेलेल्या मुलांचं गणित वेगळं आहे. अमेरिकेत कॉलेज बदलणं ही रोजची गोष्ट आहे; पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर हजारो मुलं बदलतात. मिशिगन टेक ज्या हॉटन गावात आहे तिथे वर्षाला सरासरी दोनशे इंचांहून अधिक बर्फ पडतं. तिथून ॲरिझोना किंवा टेक्सासला जावंसं वाटणं साहजिक आहे. पण चार गोष्टी आधी विचाराव्यात. एक, कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्रीचे क्रेडिट सहसा चालतात, शाखेच्या विषयांचे मात्र नवा विभाग स्वतः तपासतो. म्हणून बदलायचं तर लवकर. दोन, नव्या अभ्यासक्रमाला एबीईटीची मान्यता आहे का. तीन, पहिल्या वर्षाच्या प्रवेशावर मिळालेली शिष्यवृत्ती बरोबर येत नाही आणि बदलून आलेल्यांसाठी शिष्यवृत्त्या बहुधा कमी असतात. चार, व्हिसाची नोंद जुन्या कॉलेजने नव्याकडे पाठवावी लागते. ती तारीख ठरण्याआधी जुनं कॉलेज सोडायचं नाही. इथून बापाने उत्साहाने "ये सोडून" म्हटलं आणि मुलगा व्हिसाबाहेर गेला, असं होऊ देऊ नका.

आणि उष्ण हवा म्हणजे सुखच, असंही नाही. मे महिन्यातल्या नागपुरात किंवा विजयवाड्यात पत्र्याखालच्या खोलीत झोप लागत नाही, तेव्हा थंड कॉलेजातला मित्र नशीबवान वाटतो.

रुळाचं उदाहरण दिल्याशिवाय माझं बोलणं पुरं होत नाही, हे माझ्या सहकाऱ्यांना ठाऊक आहे. एक किलोमीटर रूळ एका अंशाने तापला तर मोकळा असल्यास साडेअकरा मिलिमीटर वाढतो. आपल्याकडे हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत रुळाच्या तापमानात साठ अंशांचा फरक पडला, तर ते होतात ६९० मिलिमीटर. लांब वेल्ड केलेल्या रुळाला आपण तेवढं वाढू देत नाही. तो स्लीपरला घट्ट बांधलेला असतो आणि सगळा ताण पोटात ठेवतो. चुकीच्या तापमानाला बांधला असेल तर थंडीत तडकतो, उन्हात वाकतो. मग आपण काय करतो? रूळ उचलून दुसऱ्या विभागात नेत नाही. बांधणी सैल करतो, त्याला मोकळा श्वास घेऊ देतो आणि योग्य तापमानाला पुन्हा बांधतो. बहुतेक मुलांना एवढंच हवं असतं : दहा दिवस घरी येऊ द्या, जेवू-झोपू द्या, मनातलं बोलू द्या, मग परत पाठवा. पण रुळाच्या पोटातच दोष निघाला तर कुणी शहाणा अभियंता "चालवून घ्या" म्हणत नाही, तो तुकडा बदलतो. कुठला दोष कुठला, हे तपासल्याशिवाय कळत नाही. आणि तपासायला रुळाजवळ जावं लागतं, कार्यालयात बसून ते होत नाही. मुलाच्या वसतिगृहात पहिल्या हिवाळ्यात एकदा तरी जाऊन दोन रात्री राहा. पास आपल्याला मिळतोच.

शेवटी मंडळाला दोन सूचना. पहिली, आपल्या सभासदांची मुलं ज्या ज्या गावी शिकतात तिथल्या मराठी मंडळांची आणि रेल्वेतल्या ओळखीच्या लोकांची यादी कार्यालयात ठेवावी. परगावात आजारी मुलाला दवाखान्यात नेणारा एक काका असला तर निम्मी थंडी पळते. दुसरी सूचना उलट बाजूची. आपल्या जबलपुरात बाहेरची शेकडो मुलं इंजिनिअरिंग शिकतात. त्यांच्यापैकी कुणी तरी आज खोलीत बसून घरी फोन करत असेल, की इथे करमत नाही. उत्सवाच्या दहा दिवसांत एका संध्याकाळी त्यांना आरतीला बोलवावं, पानात गरम वरण-भात आणि मोदक वाढावा. त्यांची भाषा मराठी नसली तरी चालेल.

जमलेल्या मुलांना एवढंच सांगतो. बरं वाटत नसेल तर "थंडी आहे" एवढ्यावर थांबू नका. काय दुखतं ते नीट सांगा. आणि पालकांनो, ते सांगतील तेव्हा मध्येच बोलू नका. पुढचं काम अर्जांचं आणि तारखांचं असतं, त्यासाठी आम्ही आहोतच.

सर्वांना गणेशोत्सवाच्या शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!